बाळाने आधी काय उचललं? चीनमधल्या पहिल्या वाढदिवसाचा 'झ्वाझोउ' विधी

चीनमध्ये मूल एक वर्षाचं झालं की त्याच्यापुढे काही वस्तू मांडतात. पुस्तक, लेखणी, मोजपट्टी, अबॅकस, नाणी, शिक्का, शिवणाचं सामान, थोडा खाऊ. मग बाळाला त्यांच्यासमोर बसवतात आणि घरातली सगळी माणसं भोवती जमून बघत राहतात. बाळ आधी जे उचलेल त्यावरून ते मोठेपणी कोण होणार याचा अंदाज बांधला जातो. या विधीला झ्वाझोउ म्हणतात.

'भविष्य बघायची चिनी पद्धत' एवढ्या एका ओळीत हा विधी अनेकदा उरकला जातो. मला ते फार अपुरं वाटतं. या विधीची लेखी नोंद जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वीची आहे आणि वेगवेगळ्या काळात ताटात काय काय मांडलं जायचं याच्या याद्याही उपलब्ध आहेत. त्या याद्या एकापुढे एक ठेवून वाचल्या की बाळाच्या भविष्यापेक्षा मांडणाऱ्या मोठ्या माणसांबद्दलच जास्त कळतं. त्यांना कशाची आस होती, कशाची धास्ती होती, मुलाकडून काय हवं होतं आणि मुलीकडून काय, हे सगळं त्या याद्यांत आहे. म्हणून या लेखात बाळाच्या हाताइतकंच ताटाकडेही बघू या.

जुन्या पेकिंगमधली, म्हणजे आजच्या बीजिंगमधली, पद्धत

उत्तर चीनच्या घरांमध्ये विटांचा एक रुंद ओटा असतो. त्याच्या पोटातून चुलीची ऊब फिरवलेली असते. थंडीत घरातली माणसं त्याच्यावरच बसतात, जेवतात आणि झोपतात. या ओट्याला कांग म्हणतात. पहिल्या वाढदिवशी दुपारच्या जेवणाआधी या कांगसमोर मोठं टेबल ठेवायचे आणि त्यावर मांडामांड व्हायची. शिक्के, कन्फ्यूशियसच्या परंपरेतले, बौद्ध आणि ताओ पंथाचे ग्रंथ, कुंचला, शाई, कागद, शाई उगाळायचा दगड, अबॅकस, पैसे, हिशेबाची वही, दागिने, फुलं, लाली-पावडर, खाऊ आणि खेळणी. मुलगी असेल तर पळी, कात्री, मोजपट्टी आणि भरतकामाचे नमुने यांची भर पडायची. ज्यांची ऐपत नसे त्यांच्याकडे हाच प्रकार चार वस्तूंत व्हायचा.

मग कुणीतरी मोठं माणूस बाळाला उचलून आणून तिथे बसवायचं. त्यानंतर खुणावायचं नाही, वस्तू पुढे सरकवायची नाही, नाव घेऊन बोलवायचं नाही, असा दंडक होता. बाळाने स्वतःहून काय धरलं आणि त्यानंतर काय, एवढंच बघायचं. हे झालं की जेवणाला लांबच लांब नूडल्स. नूडल जितकी लांब तितकं आयुष्य लांब, म्हणून ती वाढदिवसाला हवीच.

अर्थ लावायची रीत तर फारच सुंदर होती. शिक्का उचलला तर मोठा अधिकारी होणार. कुंचला किंवा कागद उचलला तर विद्वान. अबॅकस उचलला तर व्यापारात बरकत. मुलीने पळी किंवा कात्री धरली तर संसार नेटका करणार. आणि बाळाने हे सगळं सोडून थेट खाऊच तोंडात घातला तर? 'खादाड निघणार' असं कुणी म्हणायचं नाही. 'याच्या नशिबात खाण्यापिण्याचं सुख आहे, आयुष्याचा आनंद घेणारा होईल', असं म्हणायचे. म्हणजे हात कुठेही पडला तरी तोंडातून आशीर्वादच निघायचा. जमलेल्या माणसांनी त्या दिवशी बाळाबद्दल चांगलंच बोलायचं, अशी या रिवाजाची बांधणी होती. मला या विधीचा गाभा इथेच दिसतो.

सहाव्या शतकातली नोंद

या विधीची सगळ्यात प्रसिद्ध जुनी नोंद यान झितुई या विद्वानाची आहे. त्याचा जन्म 531 सालचा. त्याचं आयुष्य राजवटी कोसळताना बघण्यात गेलं. दक्षिणेत लियांग राजघराण्याच्या पदरी असताना 554 मध्ये राजधानी पडली, तो कैद होऊन उत्तरेत गेला आणि पुढे आणखी राजवटींची चाकरी करावी लागली. उतारवयात त्याने आपल्या मुलांसाठी घरगुती उपदेशाचं एक पुस्तक लिहिलं. त्यात दक्षिणेचे रिवाज सांगताना तो पहिल्या वाढदिवसाचं वर्णन करतो.

बाळाला वर्ष झालं की नवे कपडे शिवतात, न्हाऊमाखू घालून नटवतात. मुलगा असेल तर धनुष्यबाण, कागद आणि कुंचला, मुलगी असेल तर कात्रणाची सुरी, मोजपट्टी, सुई आणि दोरा. शिवाय खाण्याचे पदार्थ, मौल्यवान वस्तू, कपडे आणि खेळणी. हे सगळं बाळापुढे ठेवून ते मनाने काय उचलतं ते बघायचं आणि त्यावरून ते हावरट निघेल की निर्लोभी, मंद की हुशार, हे पारखायचं. नातेवाईक जमतात, मेजवानी होते.

यातलं मधलं वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे. धंदा, नोकरी किंवा पद यांचा त्यात उल्लेख नाही. बघायचा होता तो स्वभाव. म्हणूनच ताटात मौल्यवान वस्तू ठेवायच्या: सोन्यावर झडप घालतो का, ते कळावं म्हणून. 'हा पुढे काय होणार' हा प्रश्न नंतर वरचढ झाला. 'हा माणूस कसा असणार' हा प्रश्न यान झितुईच्या काळात पुढे होता. ज्याने डोळ्यांदेखत राजधानी पडताना पाहिली, त्याच्या लेखी मुलाच्या पदापेक्षा त्याची नियत मोठी असणार, हे सहज समजण्यासारखं आहे.

लगेच पुढे त्याने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. आईवडील हयात असेपर्यंत वाढदिवसाला खाणंपिणं ठीक. पण ते गेल्यावरही काही अडाणी लोक त्या दिवशी दारू आणि गाण्याबजावण्यात दंग होतात, त्यांना काहीच वाटत नाही, याची त्याला खंत होती. लियांगचा सम्राट युआन दर वाढदिवशी शाकाहारी भोजन आणि धर्मप्रवचन ठेवायचा आणि आई वारल्यावर त्याने तेही बंद केलं, असा दाखला तो देतो. वाढदिवस हा आईवडिलांच्या कष्टांचा दिवस आहे, ही जाणीव त्यामागे आहे.

ताटात सरकारी हुकूम आला

आता सहाशे वर्षं पुढे येऊ. सोंग राजघराण्याची राजधानी काइफंग 1127 मध्ये उत्तरेकडून आलेल्या जुर्चेन लोकांच्या सैन्याच्या हाती पडली. तिथून दक्षिणेत निघून आलेल्या मंग युआनलाओ याने 1147 मध्ये त्या हरवलेल्या शहराच्या आठवणी लिहून काढल्या: तिथले बाजार, खाणावळी, सणवार. त्यात पहिल्या वाढदिवसाचीही यादी आहे. फळं, खाद्यपदार्थ, सरकारी नेमणुकीचा हुकूमनामा, लेखणी आणि दौत, मोजणीच्या काड्या आणि तराजू, धर्मग्रंथ, सुईदोरा. लहान मुलांचा हा मोठा समारंभ, असं तो म्हणतो.

धनुष्यबाण गेले आणि नेमणुकीचा हुकूम आला! मधल्या काळात चीनचा समाज किती बदलला, ते या एका अदलाबदलीत दिसतं. सुई राजघराण्याच्या काळात, सातव्या शतकाच्या सुरुवातीला, परीक्षा घेऊन अधिकारी निवडायची पद्धत सुरू झाली. सोंग काळात तिचा पसारा खूप वाढला. अभ्यास करून परीक्षा पास झालो तर साध्या घरातला मुलगाही सरकारदरबारी चढू शकतो, ही आशा घराघरांत पोचली. तराजू आणि मोजणीच्या काड्या आल्या त्या भरभराटलेल्या शहरी व्यापारामुळे. ही परीक्षा थेट 1905 पर्यंत चालू होती. त्यामुळे शिक्का आणि कुंचला या दोन वस्तूंना झ्वाझोउच्या ताटात एवढा मान का, हे वेगळं सांगायला नको.

सोंग काळातलीच सगळ्यात गाजलेली गोष्ट त्साओ बिन (931–999) या सेनापतीची. अधिकृत इतिहासात असं दिलंय की वर्षाचा असताना आईवडिलांनी त्याच्यापुढे नाना वस्तू मांडल्या. त्याने डाव्या हातात शस्त्र घेतलं, उजव्या हातात पूजेची भांडी घेतली, मग थोड्या वेळाने एक शिक्का उचलला आणि बाकी कशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे तो खरोखरच मोठा सेनापती झाला. 975 मध्ये त्याने जिनलिंग, म्हणजे आजचं नानजिंग, जिंकलं. शहर पडण्याआधी त्याने आजारी असल्याचं सोंग केलं आणि भेटायला आलेल्या सरदारांना सांगितलं, 'या दुखण्यावर औषध नाही. विनाकारण एकालाही मारणार नाही अशी शपथ घ्या, मग मी बरा होईन.' शस्त्र, पूजाभांडी आणि शिक्का या तिन्हींचं फळ मिळालं, असंच कुणालाही वाटेल.

फक्त एक लक्षात ठेवायला हवं. हा अधिकृत इतिहास 1345 मध्ये पुरा झाला, म्हणजे त्साओ बिनच्या मृत्यूनंतर साडेतीनशे वर्षांनी. तो जुन्या नोंदींवर आधारलेला आहे हे खरं, पण थोरांच्या चरित्रात बालपणीची शुभचिन्हं सांगायची चिनी इतिहासलेखनाची रीतच आहे. ज्यांनी शिक्का उचलला आणि पुढे गावात दुकान चालवलं, त्यांची गोष्ट कुणी लिहून ठेवत नाही.

दोन उदाहरणं, एक कादंबरीतलं आणि एक खरं

अठराव्या शतकातल्या त्साओ श्वेछिनच्या 'लाल महालाचं स्वप्न' या कादंबरीत झ्वाझोउचा एक प्रसंग येतो आणि चीनमध्ये तो शाळकरी मुलांनाही माहीत असतो. नायक बाओयू वर्षाचा झाल्यावर वडील त्याच्यापुढे जगातल्या असतील नसतील तेवढ्या वस्तू मांडतात. बाळ हात घालतं ते लाली-पावडर, केसांतले आकडे आणि बांगड्यांना. वडील भडकतात. हा पुढे दारू आणि बायकांच्या नादाला लागणार, म्हणतात आणि तेव्हापासून त्यांचं मुलावरून मनच उतरतं.

आता मघाचा पेकिंगचा रिवाज आठवा. बाळाने काहीही उचललं तरी चांगलंच बोलायचं, ही मोठ्यांची जबाबदारी. बाओयूच्या वडिलांनी नेमकी तीच मोडली. बाळाचं काही चुकलं नव्हतं. एका वर्षाच्या पोराच्या मुठीवरून बापाने निकाल दिला आणि तो निकाल मुलाला जन्मभर पुरला. या विधीतला धोका कुठे आहे, हे त्साओ श्वेछिनने एका परिच्छेदात सांगून टाकलंय.

खरं उदाहरण विसाव्या शतकातलं. छ्यान झोंगशू (1910–1998) हे आधुनिक चीनचे फार मोठे विद्वान आणि कादंबरीकार. त्यांनी झ्वाझोउमध्ये पुस्तक उचललं, म्हणून 'झोंगशू', म्हणजे ग्रंथांवर जीव असलेला, असं नाव ठेवलं गेलं. त्यांच्या पत्नी, लेखिका यांग ज्यांग यांनीच हे लिहून ठेवलंय. नाव सार्थ झालं यात शंका नाही. पण घर बघा. वडील छ्यान जीबो स्वतः अभिजात साहित्याचे नामवंत अभ्यासक, घरात पुस्तकंच पुस्तकं. त्या बाळाने पुस्तक सोडून दुसरं काही उचललं असतं, तरी त्याचं बालपण ग्रंथांतच गेलं असतं. उलट ज्या घरात पुस्तक फक्त ताटासाठी आणलं जातं, तिथे ते उचलून फार काही होत नाही.

वर्षच का?

याचं उत्तर काळजाला लागणारं आहे. जुन्या काळात, चीनमध्ये काय आणि आपल्याकडे काय, जन्मलेल्या मुलांपैकी कितीतरी पहिलं वर्षही पाहत नसत. म्हणून बाळाच्या वाटेवर टप्पे आखलेले असायचे. तिसऱ्या दिवशी न्हाणं, महिना झाला की मेजवानी आणि लाल रंगवलेली अंडी, मग शंभरावा दिवस, मग वर्ष. शंभराव्या दिवसासाठी काही ठिकाणी घरोघरी फिरून कापडाचे तुकडे मागून आणायचे आणि ते जोडून बाळाला अंगरखा शिवायचे. शंभर घरांचं बळ अंगावर असलं की बाळ तगेल, ही त्यामागची श्रद्धा. गळ्यात चांदीचं कुलूप घालायचे, बाळाचा जीव या जगाला जखडून राहावा म्हणून. डोक्यावर वाघाच्या तोंडाची टोपी आणि पायांत तसेच बूट, अवदसा घाबरून पळावी म्हणून.

वर्ष गाठलं म्हणजे पहिला मोठा घाट पार झाला. आता कुठे 'पुढे काय होणार' हे विचारायची हिंमत आईवडिलांना होत असे. झ्वाझोउमधला आनंद समजून घ्यायचा तर आधी ही भीती समजायला हवी.

वय मोजायची पद्धतही याला जोडलेली आहे. जुन्या चिनी मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि चांद्र नववर्षाला सगळ्यांचंच वय एकाने वाढतं. नववर्षाच्या आदल्या दिवशी जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी 'दोन वर्षांचं' होतं. म्हणून जन्मापासून खरोखरचं पूर्ण वर्ष भरल्याचा दिवस वेगळा साजरा करावा लागे.

आजचं ताट

माओंच्या काळात, विशेषतः 1966 ते 1976 च्या सांस्कृतिक क्रांतीत, असे विधी 'सरंजामी अंधश्रद्धा' ठरले आणि मागे पडले. आर्थिक सुधारणांनंतर ते परत आले, तेही थाटामाटात. एक-मूल धोरण 2015 च्या अखेरपर्यंत होतं. त्यातून चीनमध्ये 'चार-दोन-एक' हा शब्दप्रयोग रूढ झाला: चार आजी-आजोबा, दोन आईवडील आणि एक मूल. सहा मोठ्या माणसांची सगळी आशा एका बाळावर. अशा घरात पहिला वाढदिवस साधा कसा होईल? आता लाल चटई, रेशमी झबलं आणि वस्तूंचा पेटीबंद संच ऑनलाइन मिळतो. हॉटेलं सजावट आणि निवेदकासकट समारंभ करून देतात. ताटात स्टेथोस्कोप, माइक, कॉम्प्युटरचा माऊस, बॉल, कॅलक्युलेटर दिसतात. मुलीसाठी वेगळं आणि मुलासाठी वेगळं ताट ही प्रथा शहरांतून बरीच मावळली आहे. यान झितुईच्या यादीपासून आजपर्यंत झालेल्या बदलांपैकी हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

जुन्या वस्तूंपैकी भाज्या मात्र अजून टिकून आहेत. पातीचा कांदा, सेलरी आणि लसूण यांचे चिनी उच्चार अनुक्रमे 'हुशार', 'कष्टाळू' आणि 'हिशेब' या शब्दांशी जुळतात, म्हणून त्या ताटात येतात. तैवानमध्ये हे सगळं तांदूळ चाळायच्या मोठ्या गोल चाळणीत मांडून पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायची पद्धत आहे, सोबत कासवाच्या आकाराचे लाल चिकट-तांदळाचे केक. कासव दीर्घायुषी, म्हणून.

खरं ठरतं का?

वर्षाचं मूल वस्तू कशी निवडतं, याबद्दल बालविकासाच्या अभ्यासातून बरंच कळलंय. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वस्तू धरणं जमू लागतं, त्यामुळे वर्षाच्या बाळाला ती करामत करून बघायची हौस दांडगी असते. जवळचं, भडक रंगाचं, आवाज करणारं, हलणारं त्याला आधी खुणावतं. त्याच वयात बाळ मोठ्यांच्या नजरेमागे नजर न्यायला शिकतं. आजी जर अपेक्षेने पुस्तकाकडे बघत असेल, तर बाळाची नजरही तिकडे जाण्याची शक्यता वाढते. खुणावायचं नाही हा जुना दंडक किती जाणतेपणाने घातला होता, ते इथे कळतं. घरात रोज दिसणाऱ्या वस्तूंचाही परिणाम होतो. आईच्या हातात दिवसभर दिसणारा मोबाइल ताटात ठेवला तर बाकी वस्तूंचं काही खरं नाही.

तेव्हा बाळाच्या पुढच्या धंद्याचा यातून पत्ता लागत नाही. तरी विधीला अर्थ उरतोच. आपल्या मुलाच्या आयुष्यात काय काय असू शकतं, याचा विचार करून दहा-बारा वस्तू निवडायला आईवडील त्या निमित्ताने एकत्र बसतात. एरवी हा विचार बोलून दाखवायची वेळ फारशी येत नाही.

आपल्याकडे आणि शेजारीपाजारी

मराठी वाचकाला हे सगळं फार परकं वाटू नये. आपल्याकडच्या उष्टावणात मामाच्या मांडीवर बसून खिरीचा पहिला घास घेतल्यावर बऱ्याच घरांत बाळापुढे वही, पेन, सोनं, खाऊ असं मांडतात. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत अन्नप्राशनाच्या जोडीने 'जीविकापरीक्षा' सांगितली आहे. देवापुढे कारागिरीची साधनं, शस्त्रं आणि शास्त्रग्रंथ ठेवावेत आणि बाळ आधी ज्याला हात लावेल त्यावर त्याची उपजीविका होईल, असं मार्कंडेयांच्या नावावरचं वचन आहे. बंगालमध्ये अन्नप्राशनाला माती, पुस्तक, पेन आणि सोनं-चांदी ठेवतात. माती उचलली तर जमीनजुमला मिळणार. कोरियात पहिल्या वाढदिवसाला हाच खेळ असतो आणि तिथे दोऱ्याची लड उचलणं फार शुभ, कारण दोरा म्हणजे लांब आयुष्य. आर्मेनियन घरांत बाळाला पहिला दात आला की असंच ताट मांडतात.

सिंगापूर, हाँगकाँग, तैवान किंवा चीनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शेजाऱ्यांकडून अशा वाढदिवसाचं बोलावणं येऊ शकतं. लाल पाकिटात पैसे किंवा बाळाचे कपडे नेलेले चालतात. रकमेत चारचा आकडा टाळावा, कारण त्याचा उच्चार 'मृत्यू'च्या जवळ जातो. घड्याळ भेट देऊ नये, तेही अशाच अशुभ उच्चारामुळे. आणि आपल्याच घरी हे करून बघायचं असेल तर वस्तू अर्धगोलात, बाळापासून सारख्या अंतरावर ठेवाव्यात. बाळ झोपून उठलेलं आणि पोट भरलेलं असावं. पुष्कळ घरांत एकाऐवजी दोन-तीन वस्तू उचलू देतात, ते बरं. कात्री आणि सुई लाकडी किंवा कापडी खेळण्यातली घ्या. सुटी नाणी तोंडात मावतात म्हणून बटव्यात शिवून ठेवा. कॅलक्युलेटर किंवा गाणाऱ्या खेळण्यात बटणासारखी चपटी बॅटरी असेल तर तिचं झाकण स्क्रूने घट्ट बसलंय ना, ते आधी तपासा. ती बॅटरी गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिका भाजते.